लेबलावरचा बंधू

२ फेब्रुवारी, सकाळ
संघाचं पत्र आलं. छोट्या, स्वतंत्र द्राक्षबागायतदारांचा संघ. स्वतःची बाग, स्वतःची द्राक्षं आणि स्वतःच्या हातानं फेसाळ वाइन करणारे बारा जण. त्यांच्या बाटल्या १४ मार्चला नावं झाकून चाखायच्या आणि गुण द्यायचे. परीक्षक पाच. पाचांत मी! पत्रात माझ्या नावापुढे 'ग्राहक प्रतिनिधी' असं आहे. टायपिंगची चूक. 'तज्ज्ञ' लिहायचं राहिलं असणार.

हिला पत्र दाखवलं. ही म्हणाली, अहो, परवा दूध नासलेलं तुम्हाला अख्खा कप संपेपर्यंत कळलं नव्हतं. सोडून दिलं. बायकोशी वाइनबद्दल बोलू नये.

बागायतदारांच्या यादीत चौथं नाव वहिनींचं. वाचूनच डोक्यात तिडीक गेली.

संध्याकाळ
शांत झालो. मुद्दे लिहून ठेवतो, म्हणजे राग पद्धतशीर राहील. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, जाऊन दोन वर्षं झाली. तो होता तेव्हा त्याच्या बाटलीच्या लेबलावर ठळक अक्षरांत त्याचं नाव असायचं आणि खाली 'आणि बंधू'. बंधू म्हणजे मी. दादा गेल्यावर पहिल्याच हंगामात वहिनींनी लेबल बदललं. आता नुसतं एक द्राक्षाचं पान. दादा निदान आजारानं गेला. मला धडधाकट असताना काढलं.

तेव्हापासून त्यांच्याशी अबोला. त्यांच्या ते लक्षात आलं आहे की नाही, कळायला मार्ग नाही, कारण बोलणं बंद आहे.

वाइनही बिघडवली. दादाची कशी गोलाईची, गोडसर, मऊ. रविवारी त्याच्याकडे गेलो की आतून ट्रेमधून भरलेले ग्लास घेऊन यायचा. एका घोटात आठवडाभराची कटकट उतरायची. वहिनींची आंबट आणि कोरडीठाक. शेवटी बाटलीत थोडी साखर घालायची असते, तीही म्हणे त्या घालत नाहीत. कंजूसपणा.

निश्चय: पूर्ण निःपक्षपातीपणे त्यांना नापास करायचं.

३ फेब्रुवारी
आजपासून नाक तयार करायचं. चहा बंद. कच्चा कांदा बंद. सुपारी बंद. हिचा गुडघ्याचा बाम घरात बंद.

सकाळी ११. चहा घेतला. साहेबांनी स्वतः विचारलं. नाही म्हणणं उर्मटपणा झाला असता.

दुपारी १. डब्यात कांदा होता. अन्न टाकणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

संध्याकाळ. बामाचा विषय काढला. ही म्हणाली, गुडघा तुम्ही घ्या, बाम मी सोडते. या घरात शास्त्राला किंमत नाही.

६ फेब्रुवारी
माझी नोकरी वजनमापं निरीक्षकाची. दिवसभर बाजारात तराजू तपासायचे. वाइनमध्ये फळांचे वास ओळखावे लागतात, तर ड्यूटीवरच सराव करावा, असं सुचलं. एका फळवाल्याचा काटा तपासला. अगदी बरोबर, शिक्का मारला. मग त्याची सहा पेर आणि चार सफरचंदं एकेक करून नाकाशी धरली. तो म्हणाला, साहेब, तराजू इकडे आहे. मी दुर्लक्ष केलं. मग म्हणाला, तुम्ही नाक लावलेली फळं आता घेणार कोण? बाजार बघत होता. मी घेतली. दोन किलो.

घरी आल्यावर हिनं वजन केलं. पावणेदोन. घरचा काटा बिघडलेला दिसतो.

७ फेब्रुवारी
वाइनच्या दुकानात दर शनिवारी दाढीचा क्लास असतो. दाढी म्हणजे दुकानाचा मालक आणि १४ तारखेच्या परीक्षकांचा प्रमुख. नाव काहीही असो, आधी दाढी आत येते, मग तो. त्यानं बादली ठेवली आणि सांगितलं, घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. मी उभा राहून हरकत घेतली. मी म्हटलं, वाइन घशालाही कळायला हवी. माझी माझी पद्धत आहे. त्यानं खांदे उडवले. खांदे उडवणाऱ्या माणसाला प्रमुख करू नये.

आठ ग्लास माझ्या पद्धतीनं घेतले. आठव्यानंतर दाढीला त्याच्या दाढीबद्दल दोन शब्द सुनावले, असं तिथला एक जण सांगत होता. मला तो भाग आठवत नाही. येताना बसमध्ये विचार करत डोळे मिटले आणि शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं उठवलं. उद्धट माणूस.

१५ फेब्रुवारी, रविवार
घरी मोठी चाचणी. दोन बाटल्या आणल्या. एक एका छोट्या बागायतदाराची, दुसरी त्या फॅक्टरीची, जी प्रत्येक दुकानात साबणाशेजारी मिळते. हिला म्हटलं, दोन्हींना माझे मोजे चढव आणि मला पाठ करून उभं राहू दे. ही म्हणाली, मोजे धुतलेले घेऊ की वासाचे? हसण्यावारी नेते सगळं.

सहा वेळा चाखलं. सहाही वेळा चुकलं. फॅक्टरीची दिली की मी म्हणायचो, ही छोट्या बागायतदाराची, हिच्यात हात दिसतो. बागायतदाराची दिली की म्हणायचो, फॅक्टरी, थंड, आत्मा नाही.

आधी वाईट वाटलं. मग गणित मांडलं. नुसत्या अंदाजानं सहापैकी तीन तरी बरोबर आली असती. सहाच्या सहा चुकायला अचूक जीभ लागते. म्हणजे फरक मला पक्का कळतो. फक्त नावं उलटी लागतात. तेही हिनं मोजे बदलल्यामुळेच. विचारलं तर ही देवाची शपथ घ्यायला लागली. एवढ्यातेवढ्यावरून शपथ घेणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवेल?

२४ फेब्रुवारी
आज वहिनींच्या शेडवर धाड. खात्याचं ओळखपत्र गळ्यात, हातात मोजपात्र. बाटलीवर ७५० मिली लिहिता, तर ७५० भरलंच पाहिजे. कायदा नात्यागोत्याला ओळखत नाही.

वहिनी म्हणाल्या, या भावोजी, बरेच दिवसांनी. मी ओळखपत्र दाखवलं. त्या म्हणाल्या, फोटो जुना दिसतोय.

शेडमध्ये लाकडी फळ्यांना भोकं आणि त्यांत बाटल्या मान खाली करून खोचलेल्या. फेसाळ वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते आणि तळाशी गाळ धरते. रोज सकाळी प्रत्येक बाटली हातानं किंचित फिरवायची, म्हणजे गाळ घसरत घसरत झाकणापाशी येतो. मग झाकण उडवायचं, गाळ बाहेर, बाटली स्वच्छ. चौदाशे बाटल्या. मी म्हटलं, दादाची पद्धत निदान मोडली नाहीत. त्यांनी पुढची बाटली फिरवली. बोलणार काय!

उजव्या मनगटाला पट्टा बांधला होता. अंगठा सुजून एका बाजूला वळलेला. लोकांची सहानुभूती मिळवायची, दुसरं काय. दादाचे हात शेवटपर्यंत मऊ होते. वीस वर्षं बाटल्या फिरवूनही. याला म्हणतात कसब.

चार बाटल्या मोजल्या. फेस बसायला प्रत्येकी वीस मिनिटं. ७५१, ७५०, ७५२. चौथी ७४९ भरली तेव्हा आनंद लपवता आला नाही. मग लक्षात आलं, उरलेलं माझ्या बाहीवर आहे. एक झाकण त्यांनी माझ्यासमोरच उडवलं. गाळ थेट शर्टावर. मुद्दाम केलं असावं, पण पुरावा नाही.

त्या म्हणाल्या, आलाच आहात तर जेवून जा. जेवलो, पण अबोला कायम ठेवून. मीठ हवं होतं, नुसतं बोट दाखवलं.

९ मार्च
भाषण तयार. परीक्षकांनी गुण दिल्यावर दोन शब्द बोलायचे असतात. माझे चारशे आहेत. बाथरूमच्या आरशासमोर म्हणून पाहिलं. 'हात' या शब्दावर हात वर. 'वारसा' या शब्दावर पॉज. ही दारातून म्हणाली, कुणाची आंघोळ राहिली आहे का, आत माणूस ओरडतोय.

सर्दी आहे थोडी. काही बिघडत नाही. मुरलेल्या नाकाला अडथळ्यांची सवय असते.

१४ मार्च, सकाळी ९.३०
संघाच्या ऑफिसचा हॉल. पांढऱ्या चादरी घातलेली पाच टेबलं. मागे खुर्च्यांवर बाराही बागायतदार. वहिनी दुसऱ्या रांगेत. शेजारी एक म्हातारे गृहस्थ, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, मांडीवर टोपी. घाबरलेले दिसतात. वहिनींच्या शेजारी बसल्यावर कुणीही घाबरेल.

बागायतदार बारा, ग्लास तेरा. विचारलं. दाढी म्हणाला, परीक्षकांचीही परीक्षा व्हावी म्हणून एक बाहेरची घातली आहे. बाकी चौघांची कीव आली.

११.१५
नंबर पाच! ओठाला लागताच ओळखली. कोरडी, आंबट, लिंबाच्या सालीसारखी. बुडबुडे बारीक आणि वर चढतच राहतात, थांबायचं नाव नाही. हट्टी स्वभाव. वहिनीच. वीसपैकी तीन दिले. दोन देणार होतो, पण न्यायबुद्धी आड आली.

१२.००
नंबर अकरा. गोलाई. गोडवा. तोच मऊपणा. दादा! कुणीतरी दादाची पद्धत जपून ठेवली आहे. जगात न्याय आहे. वीसपैकी वीस.

दुपारी ४, घरी
बाटल्या बदलल्या गेल्या. याहून जास्त आज लिहिणार नाही.

१५ मार्च
लिहितोच. नाहीतर रक्त उकळून बाहेर येईल.

माझी पाळी आली तेव्हा उभा राहिलो. आधी नंबर पाच घेतला. वहिनींकडे सरळ बघत म्हणालो, ही ज्यांनी केली त्यांनी लोकांच्या घशावर दया करावी. ज्यांच्याकडून शिकायचं ते गेले. आता हात आवरावा आणि बाग उपटून दुसरं काहीतरी लावावं. वहिनींनी मान वळवली. मला वाटलं, घाव बसला. त्या शेजारच्या म्हाताऱ्यांकडे बघत होत्या.

मग नंबर अकरा. यावर सात मिनिटं बोललो. म्हटलं, ही माझ्या भावाची वाइन आहे, भाऊ गेला पण हात जिवंत आहे. रुमाल काढावा लागला.

मग दाढीनं बाटल्यांवरची कापडं काढली. नंबर अकरा म्हणजे फॅक्टरी. साबणाशेजारची. बाहेरची घातलेली तीच. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा हॉल. वहिनींची नंबर नऊ होती. तिच्यापुढे मी लिहिलं होतं, 'बरी. त्रास देत नाही.'

आणि नंबर पाच त्या म्हाताऱ्यांची. ते शिंपी आहेत. दुकानामागच्या जमिनीवर द्राक्षाची एकच ओळ. पहिल्यांदाच बाटली पाठवली होती. नाव पुकारलं तेव्हा ते उभे राहिले, टोपी घातली आणि बाहेर पडले.

त्यांनी आधी सांगायला नको होतं का, की ही माझी म्हणून!

१६ मार्च
संघाला सात पानी तक्रार लिहिली. मुद्दे: ग्लास धुतलेल्या साबणाचा वास. हॉलमध्ये पंखा. तेरा हा आकडा.

दाढीचा फोन आला. नियमच आहे म्हणे, बाहेरची बाटली ज्यानं पहिल्या नंबरवर लावली त्याचे सगळे गुण रद्द. संघाचा शिक्का मिळायला सरासरी चौदा लागते. माझे तीन धरून शिंप्यांचे तेरा पॉइंट चार होत होते. मला वगळल्यावर पूर्ण सोळा. म्हणजे ते पास. मी म्हटलं, मग माझ्यामुळे कुणाचं काहीच नुकसान झालं नाही! दाढी म्हणाला, त्यांनी शिक्का घ्यायला नकार दिलाय, ओळ उपटणार म्हणतात. फोन ठेवताना म्हणाला, तुमचा सल्ला ऐकला त्यांनी.

तक्रार पाठवली नाही. पाकीट मिळालं नाही.

१८ मार्च
आज वहिनी ऑफिसात आल्या. काउंटरवर नऊ माणसांची रांग. त्यांनी रांग मोडली नाही. दहाव्या उभ्या राहिल्या, आपला नंबर आल्यावर बोलल्या. आवाज चढवलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

म्हणाल्या, भावोजी, राग माझ्यावर होता ना? मग माझ्यावर काढायचा. दोन वर्षं तुम्ही तोंड फुगवून बसलात, मी एक अक्षर बोलले नाही. पण त्या माणसाची बायको गेल्यावर त्यानं ती एक ओळ लावली. माझ्याकडे येऊन शिकला. पाच वर्षं एकेक बाटली हातानं फिरवली. आणि तुम्ही भर सभेत त्याला हात आवरायला सांगितलंत. कशावरून? तर ती माझी असेल म्हणून!

मी म्हटलं, इथे ऑफिशियल बोलणं चालतं. साहेब केबिनमधून म्हणाले, त्यांना बोलू द्या.

रविवारी मी तुम्हाला घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे, असं सांगून त्या गेल्या. विचारलं नाही, सांगितलं.

घरी हिला सगळं सांगितलं. म्हटलं, तूच सांग, कुणाचं चुकलं? ही म्हणाली, तुमचा निळा शर्ट इस्त्री करून ठेवते, रविवारी घाला.

२१ मार्च
जाणार नाही. ठरलं. पाठीत उसण आहे. शिवाय माणसानं आपल्या मतावर ठाम राहावं. उसण उजवीकडे आहे. वहिनी आल्या तर लक्षात ठेवायचं.

२२ मार्च, रविवार
दहा वाजता वहिनींचा टेम्पो दारात. मी डावीकडे हात धरून बाहेर आलो. त्या म्हणाल्या, टेम्पोत बसून दुखायला लागलं तर पुढे बघू.

रस्ता पाऊण तासाचा. मीच कोंडी फोडली. म्हटलं, वाइनचं राहू दे, पण दादाची चव मला कळते, ती माझ्या जिभेवर आहे. त्या दिवशी नंबर अकरात मला दादा दिसला, खोटं नाही सांगत.

वहिनी म्हणाल्या, खोटं नाहीच आहे ते. तुमच्या दादांना आमची वाइन कधी आवडलीच नाही. आंबट लागायची. घरी ते फॅक्टरीचीच प्यायचे. रविवारी तुम्ही आलात की तुम्हालाही तीच द्यायचे. आपली मोजकी, ती विकायला हवी, असं म्हणायचे.

मी विचारलं, मग वाइन करायचं कोण? त्यांनी स्टिअरिंगवरचा उजवा हात किंचित वर केला आणि परत ठेवला.

मी मैलाचे दगड मोजायला लागलो. तीन गेले. मग म्हटलं, पण दादा काय करायचा? त्या म्हणाल्या, बोलायचे. गिऱ्हाईक आलं की असं बोलायचे, माणूस दोन बाटल्या घ्यायला आलेला असला तरी सहा घेऊन जायचा. ते मला कधी जमलं नाही. त्यांच्यामागे विक्री निम्म्यावर आली. त्यांचा आवाज जरा बदलला होता. मी माझ्या बाजूची काच वर केली.

पुढे गेल्यावर विचारलंच. 'आणि बंधू' कशाला छापायचा? वहिनी हसायला लागल्या. गाडी हळू करावी लागली त्यांना. म्हणाल्या, भावोजी, रागवू नका. कुणी बाटली परत घेऊन आलं की हे सांगायचे, ही धाकट्यानं भरलेली दिसते, त्याचं लक्ष नसतं. तुमचं नाव काढलं ते तुम्हाला शिव्या बसू नयेत म्हणून. आणि परीक्षक म्हणून तुमचं नाव मीच सुचवलं. वाटलं, मानानं बोलावलं तर रुसवा जाईल.

वीस वर्षं! वीस वर्षं लोकांच्या घशातली खरखर माझ्या नावावर. दादाचा इतका संताप आला, आणि भांडायला तो नाही.

शिंप्यांचं दुकान एका खोलीचं. मशीन, कापडाचे तुकडे, भिंतीवर टेप. मागच्या दारातून ती ओळ दिसते. बत्तीस झाडं. मोजली. पहिल्या झाडाच्या बुंध्याशी कुदळ टेकवून ठेवलेली.

मी दोन वाक्यं पाठ करून गेलो होतो. पहिलं म्हणताना दुसरं विसरलो. म्हटलं, ती दुसऱ्याच कुणाची असेल असं वाटलं होतं मला. वहिनींनी डोळे मिटून घेतले. मग म्हटलं, चुकलं माझं. हे पाठ केलेल्यात नव्हतं.

शिंप्यांनी मला नखशिखांत बघितलं, मापं घ्यावीत तसं. आत गेले, दोन भरलेले ग्लास घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवले. म्हणाले, साहेब, यातला कुठला बरा, सांगा. अगदी खरं सांगा.

आता मी जबाबदारीनं चाखलं. घाई नाही. डावा, उजवा, पुन्हा डावा. डावा जास्त मोकळा, त्याला गोलाई. उजवा जरा दाबलेला, हिरवट. मी म्हटलं, डावा. उजव्यावर थोडं काम करा, वर्षभरात सुधारेल.

ते म्हणाले, दोन्ही एकाच बाटलीतले आहेत.

मग ते हसायला लागले. आधी गालात, मग मशीनचा आधार घेऊन, मग डोळे पुसत. वहिनीही. ते म्हणाले, आठ दिवस झोप नव्हती हो मला. आता तुमच्या त्या तीन गुणांचं काही म्हणजे काही वाटत नाही. बाहेर गेले, कुदळ उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवली. आत येऊन वहिनींना म्हणाले, दाढीला सांगा, शिक्का पाठवून दे.

निघताना त्यांनी माझ्या शर्टाचं सैल झालेलं एक बटण उभ्या उभ्या शिवून दिलं. पैसे घेतले नाहीत.

येताना टेम्पोत वहिनी म्हणाल्या, दर रविवारी या. चाखायला नाही. बाटल्या फिरवायला. मनगट आता साथ देत नाही माझं.

हो म्हटलं. पाठीची उसण कुठे गेली, कळलं नाही.

डावा बरा होता पण.